घरपोच प्रभुभोजन

एस्तेरने आईला उशीला टेकवून बसवलं. चर्चच्या पाळकसाहेबांनी स्टुलावर पांढरा रुमाल अंथरून पावाचा तुकडा आणि द्राक्षारसाचा इवलासा पेला मांडला. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी प्रभुभोजन असं घरी यायचं.

प्रार्थना करून त्यांनी तुकडा आईला भरवला, द्राक्षारसाने तिचे ओठ ओले केले. एस्तेरनेही हात पुढे केला.

“तुम्ही रविवारी चर्चमध्ये घ्या, एस्तेरताई. धडधाकट माणसांना घरी देत नाही आपण.”

“आईला कुणाजवळ ठेवून येऊ, साहेब?”

“प्रभू आहे ना सांभाळायला! विश्वास ठेवा. दोन वर्षं झाली, एस्तेर दिसत नाही म्हणून मंडळी विचारते.”

मंडळी विचारत होती म्हणे. पण त्या मंडळीतलं एक माणूस कधी रविवारी तासभर आईजवळ बसायला आलं नव्हतं. मग प्रभूलाच पाठवा लंगोट बदलायला, असं एस्तेरच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि ती साहेबांना दारापर्यंत सोडून आली.

आई अजून तोंड हलवत होती. घास गिळवेना की ती तो जिभेने बाहेर ढकलायची, आणि एस्तेरचा तळवा सवयीने तिच्या हनुवटीखाली जायचा. आजही तो वेळेवर गेला.

ओला लगदा तळव्यात पडला. एस्तेर तो टाकायला मोरीकडे निघाली आणि अर्ध्या वाटेत थबकली. मग ती परत येऊन आईच्या पायथ्याशी बसली. डोळे मिटून, आईच्या थुंकीसकट, तिने दोन वर्षांनी प्रभुभोजन घेतलं.