भाऊंचा शब्द

नूतन कागदपत्रांची फाईल छातीशी धरून आत गेली आणि सुकदेव आवारातल्या लिंबाखाली निवांत बसला. बाकीचे बाप उभे होते. कोणी येरझारा घालत होता, कोणी बंद दाराकडे टक लावून होता. सुकदेवला त्यांची कीव आली. त्यांच्या पोरांसाठी कोणी शब्द टाकला नव्हता.

पहाटेच्या एसटीनं बापलेक भडगावहून धुळ्याला आली होती. सरकारी भरतीच्या लेखी परीक्षेत नूतन धुळे जिल्ह्यात तिसरी होती. चार वर्षं तिनं अभ्यासिकेत काढली होती, आणि या खेपेला जमलं नाही तर मामा आणील त्या स्थळाला हो म्हणेन, असं घरात कबूल करून बसली होती. आज फक्त कागद तपासायचे होते.

पण कागद तपासायला बोलावतात म्हणजे काय, हे सुकदेवला ठाऊक होतं. शाळेतला शिपाई, दवाखान्यातली आया, धरणावरचा चौकीदार, त्याच्या ओळखीतले सगळे याच वेळी तालुक्याचे पुढारी असलेल्या भाऊंच्या दारात गेले होते. भाऊंच्या सभेला सतरंज्या अंथरण्यात सुकदेवचे केस पिकले, पण त्यानं कधी काही मागितलं नव्हतं. काल मागितलं. भाऊंनी त्याच्यासमोरच भरतीच्या साहेबांना फोन लावला. "आपल्या सुकदेवची पोरगी आहे, सांभाळून घ्या," म्हणाले. बैठक क्रमांक सुकदेवनं वाचून दाखवला.

समोरच्या भिंतीवर ठळक पाटी होती : शिफारस आणणाऱ्या उमेदवाराची निवड रद्द होईल. सुकदेवनं ती वाचली होती. तिच्या शेजारीच 'येथे थुंकू नये' अशीही पाटी होती, आणि तिच्याखालची भिंत पानानं लाल झाली होती.

"नाना, तुम्ही भलते निवांत!" शेजारचा एक जण म्हणाला.

"आमनं काम व्हयेल शे," सुकदेव हसला.

नूतन बाहेर आली ती हळूहळू. पायऱ्या उतरताना तिनं कठडा धरला.

"काय व्हयनं, बेटा? बठ्ठं बराबर शे ना?"

"आबा, तुम्ही कोणाला फोन करायला लावला?"

सुकदेवचा चेहरा फुलला. "साहेबनी सांगं का तुले? भाऊनी सोता लाया फोन. मन्हा समोर!"

नूतन त्याच्याकडे बघत राहिली. मग एकेक शब्द ठेवत म्हणाली, "साहेबांनी मला ती पाटी दाखवली. म्हणाले, तुझे मार्क बघता तुला कोणाच्या शब्दाची गरज नव्हती. पण फोन आला, त्याची नोंद झाली. आता माझ्याही हातात काही नाही, असं म्हणाले." "रद्द केलं, आबा. यादीतल्या माझ्यामागच्या मुलीला आत बोलावलंय."

"पण भाऊनी तर चांगलंच सांगं ना..."

नूतन फाईल काखेत मारून फाटकाकडे चालू लागली.

सुकदेव तिच्यामागं निघाला, तोच खिशातला फोन वाजला. भाऊंचा होता. त्याला आजवर भाऊंनी आपणहून फोन केला नव्हता. तो जागीच थांबला, टोपी सरळ केली.

"काय रे सुकदेव, झालं ना काम?"

सुकदेवनं नूतनच्या पाठीकडे पाहिलं. खरं काय ते ओठापर्यंत आलं. पण भाऊंना नाही म्हणायची जिभेला सवय नव्हती.

"व्हयनं, भाऊ. तुमना उपकार शेतस."

"मग! लोक म्हणतात, आता परीक्षेचा जमाना आला, भाऊंना कोण विचारतो. रविवारी चौकात सत्कार ठेवू पोरीचा. कळू दे सगळ्यांना. बॅनर छापायला टाकतोय." फोनमध्ये कोणीतरी हसलं. "अरे, पोरीचं नाव काय तुझ्या?"



"नूतन," तो म्हणाला.

फाटकापाशी पोचलेली ती, बापानं हाक मारली असं वाटून, थांबली आणि मागं वळली.