फुलदाणीवरचा डाग

माझी बायको हेस्टर समोर खरं फूल असल्याशिवाय कुंचला उचलत नाही. त्यामुळे काचेची फुलदाणी आणि ट्यूलिप एप्रिलमध्ये झाले, गुलाब जूनमध्ये. ऑगस्टात आमच्या हार्लेम गावात प्लेग आला, आमची लेक नेल गेली आणि घरात आम्ही तिघांचे दोघे उरलो. सप्टेंबरात झेंडू फुलला, तर तोही तिने रंगवला.

चित्र न्यायला आलेल्या टाइस व्यापाऱ्याने नाक अगदी फुलांना टेकवलं.

"हेस्टरबाई, वास यायचा तेवढा राहिलाय बघा! फक्त फुलदाणीच्या काचेत ही खिडकी दिसते ना, तिच्यात मधोमध हा करडा डाग कसला? आमची बायको रोज फडकं घेऊन पुसत बसेल. एवढा घालवा, उद्या नेतो."

"घालवते," हेस्टर म्हणाली.

तो गेल्यावर तिने निळ्यात पांढरा रंग कालवायला घेतला, आणि कालवतच राहिली.



मग मला म्हणाली, "अहो, ही फुलदाणी रंगवली त्या दिवशी आपली नेल खिडकीत उभी होती, तेव्हा तिच्यामागे आभाळ कसं होतं, आठवतंय का तुम्हाला?"