बिनखिळ्याचं मेज

"खाली खिळा आहे," ज्योती म्हणाली.

प्रकाशचंदांनी मेज उलटं केलं. फैजपूरच्या त्यांच्या दुकानात ती तिसऱ्यांदा आली होती. तिला घडीचं मेज हवं होतं. सगळं लाकडी, एकट्याला उचलता येईल असं.

"ताई, खालून कोण बघतं?"

"आमचे हे बघतात."

सुकदेव जळगावला इतिहास शिकवायचा. दर हिवाळ्यात मंडळी जमवून लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी तीनशे वर्षांपूर्वीची छावणी उभारायचा. जुने पोशाख, जुनी भांडी आणि दोन दिवस लुटुपुटूची लढाई. जळगावकर किल्ला राखायचे, धुळेकर वेढा घालायचे.

गेल्या वर्षी त्यानं ज्योतीचा स्टीलचा डबा चारचौघांत तंबूबाहेर भिरकावला होता. "त्या काळी स्टील होतं का? एवढंही कळत नाही?" चाळीस जणांच्या भाकरी थापून तिची बोटं भाजली होती. मलाही लढाईत घ्या, असं ती म्हणाली तेव्हा तो हसला. "बायका चुलीशीच असायच्या. तुझ्यासाठी इतिहास बदलू?" मग सगळेच हसले. वर्ष झालं तरी ते हसणं आठवलं की ज्योतीची कानशिलं तापायची.

"नवऱ्याच्या हौसेसाठी इतकं कोण करतं, ताई?" प्रकाशचंद म्हणाले.

"खिळा काढा. लाकडी खुंटी ठोका. मी थांबते."

घरी सुकदेवनं मेजाच्या खालून बोटं फिरवली. त्याला कुठेच लोखंड लागलं नाही.

"शिकलीस एकदाची. मी शुक्रवारीच पुढे जातो. तू मागून घेऊन ये."

"आणते," ज्योती म्हणाली.

शनिवारी दुपार झाली तरी त्याच्या तंबूत मेज नव्हतं. मांडीवर नकाशा धरून तो वैतागला. शेवटी उठून चुलीपाशी गेला. तिथं यंदा स्वयंपाकाला सांगितलेली भागाबाई भाकरी थापत होती.

"ज्योती आली नाही अजून?"

"वहिनी सकायलेच उनी ना भाऊ. मेज लिसन नाल्याना पल्याड गयी."

सकाळीच आली आणि मेज घेऊन नाल्यापलीकडे गेली? तिकडे तर धुळेकरांचा तळ होता. आपलं मेज हिनं शत्रूला दिलं? सुकदेव तसाच नाला उतरून गेला. मोठ्या तंबूच्या दारात पहारेकऱ्यानं भाला आडवा धरला.

"काय काम?"

"तुमच्या सरदाराला विचार, माझं मेज कोणाला विचारून घेतलं."

"तलवार इथं ठेवा. मग आत जा."

सुकदेवनं तलवार मातीत आपटली आणि कनात बाजूला सारली. मेजावर किल्ल्याचा नकाशा पसरला होता. चार धुळेकर हात बांधून उभे होते. मेजामागं बसलेल्या सरदारानं फेटा सावरत मान वर केली.

"संध्याकाळपर्यंत किल्ला खाली करा. तुमच्या माणसांना जीवदान देऊ, तुमचं नंतर बघू," ज्योती म्हणाली.