महांतप्पाची सुरुवात

धाराशिवच्या बुद्धिबळ स्पर्धेत समोरच्या शाळकरी मुलीनं चौथ्याच चालीत प्यादं फुकट पुढं केलं आणि साठी ओलांडलेले गौरीशंकर दचकले. ढोकीच्या कारखान्यात असताना सोबत काम करणारा महांतप्पा जेवणाच्या सुट्टीत हीच सुरुवात करून त्यांना रोज हरवायचा. त्यावरची तोड सुचली, तोवर तो गावी परतला होता. तीस वर्षं मनातच राहिलेली चाल गौरीशंकर आज खेळले. प्यादं न मारता उंट मागं घेतला. मुलगी गोंधळली. डाव बरोबरीत सुटल्यावर त्यांनी विचारलं, "महांतप्पा तुझा कोण गं?" "अज्जा, माझे आजोबा! त्यांना आता दिसत न्हाय. चाल सांगितली की पट डोळ्यांपुढं मांडतात." तिनं फोन लावून दिला. गौरीशंकरांनी घसा खाकरला. "महांतप्पा, म्या प्यादं न्हाय मारलं. उंट मागं घेतला." पलीकडून आवाज आला, "थांब गौऱ्या, इचार करू दे."