दहा वर्षांनी किती?

नळखात्याचा कारकून शेषगिरी केशवापुरात वेणूबाईंच्या कट्ट्यावर टेकला आणि त्याने मांडीवर फॉर्म उघडला.

"अक्का, घरात माणसं किती?"

"डोळे फुटले काय तुझे? एक."

"ते आजचं झालं. दहा वर्षांनी किती? गाव वाढतंय की. साहेब म्हणतात, आता पुढचं विचारूनच पाइप घालायचा."

खात्याला उशिरा का होईना अक्कल आली म्हणायची. वेणूबाई ताठ बसल्या. थोरला भिलईला, धाकटा मस्कतला. सुना, नातवंडं. बोटांची पेरं मोजून झाली.

"अकरा लिही."

शेषगिरीने लिहिलं, पण पेन्सिल उचलली नाही. "येतो म्हणून पत्र आलंय?"

"माझ्या पोरांना माझ्या घरी यायला तुझ्या साहेबाचा परवाना लागतो?"

"तसं नव्हे, अक्का. अकरा म्हटलं की इथं मोठा पाइप. पुढं बोळात धार बारीक होणार, एवढंच."

बोळाच्या टोकाला भागीरथीचं घर. नऊ माणसं, त्यात दोन तान्ही. परवा तिथं घागरींवरून जुंपली तेव्हा वेणूबाईंनीच इथून ओरडून सगळ्यांना गप्प केलं होतं.

आत त्यांच्या चार खोल्या. त्यातल्या तीन खोल्यांच्या कड्या फक्त रविवारी निघायच्या. केर काढला की पुन्हा लागायच्या.

"खोड ते."

शेषगिरीने रबराने खोडलं. "मग एक लिहितो."

"मला एकोणऐंशी लागलंय. दहा वर्षांनी मी काय नळाखाली बसणार आहे? पोरं यायची नाहीत. शून्य लिही."

आजवर हे त्यांनी देवापुढंसुद्धा म्हटलं नव्हतं.

शेषगिरीने फॉर्मवरचा रबराचा चुरा फुंकला. "शून्य चालत नाही, अक्का. फॉर्म परत येतो. माणसं वाढणार, असंच धरायचं. कमी धरायची रीतच नाही आमच्यात."

"मग तशी रीत पाडा. नुसतं वाढणारं मोजायला शहाणपण कशाला लागतं?"

समोरच्या पायरीवर जयतीर्थ मास्तर एकटेच ताटलीत मूठभर तांदूळ निवडत होते. शेषगिरी फॉर्म घेऊन तिकडे निघाला.

"थांब," वेणूबाई म्हणाल्या. "त्यांना आकडा लगेच विचारू नकोस. आधी घटकाभर बोलत बस."