खालचा पिवळा

"अंधार पडला की हो तुमच्या जंगलात," बायको पलंगावरून म्हणाली.

रंगारी दोन पावलं मागे आला आणि त्याचं तोंड उतरलं. बरोबर होतं तिचं. तिला पडल्यापडल्या बघायला जंगल रंगवायचं म्हणून परवा पलंगासमोरच्या अख्ख्या भिंतीला पिवळा लावला होता. तो वाळला की वरून हिरवा द्यायचा, मधूनमधून पिवळा राखायचा, म्हणजे पानांतून ऊन पडल्यासारखं दिसेल, असा बेत होता. पण चाळीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवलेला हात तो! खालचा रंग कुठे डोकावला की आपोआप तिकडे वळायचा. सकाळपासून फिकट हिरवा झाला, गर्द हिरवा झाला, आणि उन्हाचा एक कवडसा शिल्लक राहिला नाही.

कमरेचं हाड मोडून ती दीड महिना उताणी पडून होती. खिडकी डोक्यामागे, समोर ही भिंत. अजून तेवढेच दिवस काढायचे होते. काल तिने जेवणाचं ताट तसंच परत पाठवलं होतं.

"राहू द्या," ती म्हणाली. "छान आहे."

एवढ्या वर्षांत तिने त्याच्या एकाही कामाला छान म्हटलं नव्हतं.

भेगा बुजवायची लोखंडी पत्री उचलून त्याने रागारागाने भिंतीवर ओढली. ओला हिरवा पत्रीबरोबर निघून आला आणि खालचा वाळलेला पिवळा लख्ख उघडा पडला. झाडाच्या शेंड्यापासून थेट जमिनीपर्यंत, बोटभर रुंद तिरीप.

"अगं! अगं, हे बघ!"

त्याने आणखी एक ओढली. मग आणखी एक. पानांमधले ठिपके चिंधीने पुसले, चिंधी सापडेना तेव्हा अंगठ्याने. आयुष्यभर ज्याला खोट म्हणत आला, तेच आता हिरवा वाळायच्या आत उरकायचं होतं. स्टुलावर चढला, उतरला, डबा लवंडला, तरी त्याने ढुंकून पाहिलं नाही.

"पडाल! वयाचं भान आहे का?" बायको ओरडली. "आणि त्या कोपऱ्यात काय ढग आलेत? तिथेही काढा की!"

त्याला हसूच फुटलं. हा तिचा आवाज! कोपरा उरकून तो वळला, भिंतीसमोर उभा राहिला, कोपरापर्यंत हिरवा, धापा टाकत.

"आता बोल. कसं झालंय?"

"आधी बाजूला व्हा," ती म्हणाली. "माझं ऊन अडवलंत."