गव्हातला पिवळा चौकोन

तिसरा खड्डाही कोराच निघाला.

उत्खननाच्या प्रमुख बाईंनी फोटोवरची मापं पुन्हा जुळवली. विमानातून काढलेल्या त्या फोटोत, उभ्या गव्हात, शेताच्या डाव्या कोपऱ्यात पिवळ्या रेघांचा चौकोन स्पष्ट दिसत होता. खाली जुनी भिंत असली की मुळांना ओल मिळत नाही, तेवढंच पीक पिवळं पडतं. कापणी झाली की खूणही जाते, हातात उरतो तो फोटो. आणि या शेताचा फोटो एकच होता.

"चौरस शेत, चारी बाजूंना सारखंच कुंपण," बाई पुटपुटल्या. "चुकायला जागाच नाही."

शेताची मालकीण बांधावर बसून होती. भिंत निघाली तर शेत सरकारजमा, नांगर कायमचा बंद. नवऱ्यामागे तिला दुसरा आधार नव्हता. तीन दिवस तिला घास गोड लागला नव्हता. शेजारी तिचा धाकटा भाऊ अपराध्यासारखा उभा होता. तो पुरातत्त्व खात्याचा फोटोग्राफर. फोटो काढलेला त्यानेच, धुतलेलाही त्यानेच.

"सख्ख्या बहिणीच्या मुळावर उठलास, छोट्या," ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. छोट्याच्या मिशा पिकून पांढऱ्या झाल्या होत्या.

"नोकरी आहे, ताई. रोलमधला एकूण एक फोटो द्यावा लागतो."

आता तो बाईंना म्हणाला, "कधीकधी पीकही थाप मारतं."

बाईंनी हात टेकले. "काकू, आम्ही खड्डे बुजवून देतो. शेत तुमचंच."

तिला इतकं हायसं वाटलं की रडूच आलं. तिने उजव्या हाताने डोळे पुसले. डावा खांदा दहा वर्षांपासून आखडलेला, तो हात छातीच्या वर जातच नसे.

बाईंनी जाताना तो फोटो तिलाच देऊन टाकला. घरी चहा झाल्यावर तिने चष्मा लावला, भावाचं भिंग घेतलं.

"हा ठिपका कोण रे?"

"तूच. विमान खाली आलं तेव्हा हात हलवत होतीस."

ती बराच वेळ बघत राहिली. "छोट्या, मी डावा हात कसा रे वर केला?"

भावाने कप खाली ठेवला, दाराला कडी घातली. मग फोटो पाठीकडून फिरवून खिडकीच्या उजेडावर धरला. आता तिचा उजवा हात वर होता आणि पिवळा चौकोन शेताच्या दुसऱ्या कोपऱ्यात, जिथे कुणी कुदळच लावली नव्हती.